व्हायटल आणि रीपरमधले एलएफओ : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

उत्तरायण संपलं, गच्चीवरचा मांजा गोळा करून झाला आणि त्याच आठवड्यात मी लॅपटॉपवर व्हायटल हा सॉफ्टवेअर सिंथ (सिंथेसायझर) टाकला. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आधीपासून होतंच. आता नवरात्र उरकली आहे, दिवाळी तोंडावर आहे. मधल्या काळात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाच्या गरब्याचे ट्रॅक, गणपतीतल्या एका एकांकिकेचं पार्श्वसंगीत आणि अर्धवट सोडलेले असंख्य प्रयोग एवढं काम यावर झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : एलएफओ (लो फ्रीक्वेन्सी ऑसिलेटर) म्हणजे सेकंदाला साधारण २० पेक्षा कमी हेलकावे घेणारा ऑसिलेटर, म्हणजे लहर तयार करणारा भाग. इतका संथ की तो स्वर म्हणून ऐकू येत नाही. पण एखाद्या नॉबला जोडला की तो नॉब कोणीतरी अदृश्य हाताने सतत मागेपुढे फिरवत बसल्यासारखं होतं. आवाजाच्या पातळीला जोडला तर ट्रेमोलो, सुराच्या उंचीला जोडला तर व्हायब्रॅटो, फिल्टरच्या कटऑफला (ज्याच्या पलीकडचे सूर फिल्टर कापतो त्या मर्यादेला) जोडला तर ते प्रसिद्ध वाँव-वाँव. आमच्या जुन्या पेटीला ट्रेमोलोची एक खुंटी आहे. ती ओढली की आत हवेच्या वाटेवर एक झडप फडफडते आणि सूर थरथरतो. तोही एलएफओच, लाकडाचा. १९७० च्या मिनीमूग या सिंथमध्ये तर वेगळा एलएफओ नव्हताच. तिसरा ऑसिलेटर एकदम खाली उतरवायचा आणि त्याच्याकडून हे काम करून घ्यायचं, मग वाजवायला दोनच उरायचे.

व्हायटलमध्ये अशी काटकसर नाही. मॅट टायटेलने हा सिंथ २०२० मध्ये आणला. मूळ आवृत्ती फुकट आहे आणि मी अजून तीच वापरतो. एलएफओचा आकार बोटाने रेघ ओढावी तसा काढता येतो, मग तो उचलून हव्या त्या नॉबवर नेऊन टाकायचा. हे इतकं सोपं आहे की पहिले दोन महिने मी प्रत्येक नॉबवर काही ना काही टाकत सुटलो. तेव्हाचे प्रोजेक्ट आज उघडले की बोट लागल्यासारखं होतं.

खरी शाळा हिंचने घेतली. हिंच हा गरब्याचा ठेका सहा मात्रांचा, नाचणाऱ्यांची टाळी तीन-तीनवर. मी ६/८ लावलं, टेम्पो १५०, पॅडच्या (मागे लांब धरलेल्या सिंथच्या आवाजाच्या) फिल्टरवर एलएफओ टाकून वेग १/४ ठेवला. ऐकायला काहीतरी तिरकं येत होतं आणि मी दोन दिवस ढोलाच्या सँपलला दोष देत बसलो. हिशेब साधा होता : मात्रा १/८ ची, म्हणून १/४ चा एक हेलकावा म्हणजे दोन मात्रा, म्हणजे सहा मात्रांत तीन हेलकावे. टाळ्या मात्र दोनच. व्हायटलमध्ये वेगाच्या शेजारी ‘टेम्पो डॉटेड’ असा पर्याय आहे. तो लावला की १/४ चा हेलकावा तीन मात्रांचा, या टेम्पोला ०.६ सेकंदांचा होतो आणि सगळं जागेवर बसतं. गरबा पुढे चढत जातो तेव्हा एलएफओही टेम्पोबरोबर चढतो. सेकंदांत वेग ठेवला असता तर दुसऱ्याच अंतऱ्यात हात सुटला असता.

दुसरी चूक जास्त महागात पडली. ‘ट्रिगर’वर प्रत्येक स्वर दाबला की एलएफओ पहिल्यापासून सुरू होतो. ‘सिंक’वर तो गाण्याच्या काट्याबरोबर चालतो. ठेक्याच्या पॅडला मी ट्रिगर ठेवला होता आणि माझा आकार तळातून सुरू होत होता. परिणाम असा की आरतीचा पहिला स्वर मैदानावर जवळजवळ गिळला गेला. त्याच रात्री आणखी एक धडा मिळाला : खंजिरी मी एलएफओने डावी-उजवी फिरवली होती. हेडफोनवर सुंदर. मैदानावर डावा स्पीकर एका टोकाला, उजवा दुसऱ्या. डावीकडच्या लोकांना खंजिरी मधूनमधून नाहीशी होताना ऐकू आली. आता मैदानासाठीच्या ट्रॅकमध्ये पॅनला हात लावत नाही.

चौकोनी आकार आवाजाच्या पातळीवर लावला की टक-टक वाजतं, कारण आवाज क्षणात तुटतो. कडा किंचित तिरक्या करा किंवा ‘स्मूद’ थोडा वाढवा, जातं.

रीपरची गंमत वेगळी. तिथे एलएफओ कुठल्याही प्लगइनच्या कुठल्याही नॉबला लावता येतो. नॉबला एकदा हात लावायचा, खिडकीतलं ‘पॅराम’ बटण दाबायचं, मॉड्युलेशन उघडायचं. त्याच खिडकीत एलएफओच्या जोडीला ‘ऑडिओ कंट्रोल सिग्नल’ असतो आणि तो माझ्या जास्त कामाचा ठरला. आमचा ढोलवाला हाडामांसाचा, रेघेवर वाजवत नाही. त्याच्या प्रत्येक ठोक्याला पॅडचा आवाज खाली दाबायला एलएफओ लावला की आठव्या आवर्तनापर्यंत दोघांची फारकत होते. त्यापेक्षा ढोलाचा आवाजच पॅडचा नॉब दाबतो, हे बरं. एलएफओसाठी म्हणून मी एक वेगळं प्लगइनही पैसे मोजून घेतलं होतं. नाव घेत नाही. एका अपडेटनंतर सगळ्या सेटिंग कोऱ्या झाल्या. रीपरमध्ये जे आहे त्यातच भागतं, हे पैसे गेल्यावर कळलं.

आता मनातलं. मी मुळात हे सगळं घेतलं ते दरबारीच्या कोमल गंधाराचं आंदोलन सिंथमधून काढायला. साइनचा (गुळगुळीत, एकसारख्या लहरीचा) एलएफओ सुराला जोडला, वेग अगदी कमी केला आणि आत्याला ऐकवलं. आत्या गाणं शिकलेली, फैयाजखाँसाहेबांच्या गावात वाढलेली.

“काय वाटतं आत्या?”

“पंखा वाटतो,” ती म्हणाली. “तुझा गंधार दर वेळी तितकाच वर जातो नि तितकाच खाली येतो. गळा असा नसतो रे. तो खाली रेंगाळतो.”

मग आकार बदलला : खाली लांब, वर आखूड. सुरुवातीला ‘डिले’ दिला, म्हणजे स्वर आधी टिकतो, मग हलतो. वेगालाही ‘रँडम’मधल्या पर्लिनचा (अनियमित पण गुळगुळीत चढउताराचा) हलका धक्का दिला. बरंच सुधारलं. तरी तिसऱ्या हेलकाव्याला यंत्र ओळखू येतंच. शेवटी तो गंधार मी पिच व्हीलवर (कीबोर्डवरच्या सूर वरखाली करणाऱ्या चाकावर) हाताने वाजवतो. सात-आठ टेक लागतात.

एलएफओ मला सगळ्यात उपयोगी पडला तो जिथे लक्ष जाऊ नये तिथे. एकच धरलेला षड्ज, त्याच्या कटऑफवर १४ सेकंदांचा एक एलएफओ आणि वेव्हटेबलच्या (आवाजाचा पोत ठरवणाऱ्या लहरींच्या मालिकेच्या) जागेवर ९ सेकंदांचा दुसरा. दोन्ही पुन्हा एकत्र सुरुवातीला येतात १२६ सेकंदांनी, तोवर कान विसरलेला असतो. डेप्थ, म्हणजे एलएफओ नॉबला किती हलवतो ते, नॉबच्या दहाव्या भागाइतकी. जास्त केली की लगेच हॉरर मालिका सुरू होते. दिवाळी पहाटेला आत्या गाणार आहे, तिच्या तानपुऱ्याखाली हेच ठेवतोय. माझ्या जुन्या लॅपटॉपवर व्हायटलचे व्हॉइस (एका वेळी वाजू शकणारे स्वर) आठावरून चारवर आणले तेव्हा आवाज अडखळायचा थांबला. प्रत्येक व्हॉइसचा एलएफओ वेगळा चालतो, त्याचा भार पडतोच. तानपुऱ्याखाली तर एकच व्हॉइस पुरतो.