स्प्रे सनस्क्रीन: पाठीला उत्तम, चेहऱ्याला नको

स्प्रे सनस्क्रीन विकलं जातं ते सोयीच्या नावावर: दोनदा फवारलं की काम झालं. नेमकी इथेच फसगत होते. डब्यावरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा, ठरवताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम एवढा थर दिलेला असतो. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाचा हिशोब केला तर हे जवळपास 30 मिलिलिटर होतं. हातावरून फवारा एकदा फिरवून यातलं फारच थोडं अंगाला लागतं. मग डब्यावर 50 लिहिलेलं असलं तरी त्वचेला मिळणारं संरक्षण त्याहून पुष्कळ कमी असतं.

‘स्प्रे’ म्हणून दोन वेगळ्या वस्तू मिळतात आणि घेताना त्यांत गल्लत करू नये. पहिला एरोसोल कॅन. यात बहुतेक वेळा द्रव बाहेर ढकलणारा आयसोब्युटेनसारखा गॅस आणि बरंच अल्कोहोल असतं. फवारा धुक्यासारखा बारीक येतो, पटकन वाळतो, चिकट लागत नाही. दुसरी हाताने दाबायची पंपाची बाटली. तिचे थेंब जाड असतात, त्वचेवर ओल स्पष्ट दिसते आणि वाऱ्यावर कमी वाया जातं. रोजच्या वापराला पंपच घ्यावा. एरोसोलची खरी किंमत कळते ती पाठीवर आणि दाट केसांच्या छातीवर किंवा पायांवर, जिथे क्रीम गोळा होऊन बसतं.

एरोसोल किती पुरेल याचा अंदाज डब्याच्या वजनावरून बांधू नये, कारण त्या वजनात गॅसही धरलेला असतो. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कॅन ठेवून आकडा बघा, मग बाहेर मोकळ्या जागी 5 सेकंद फवारून पुन्हा वजन करा. समजा 5 ग्रॅम कमी झाले. म्हणजे सेकंदाला एक ग्रॅम, आणि त्यातलाही काही भाग नुसता गॅस. खांद्यापासून बोटांपर्यंत एका हाताला साधारण 3 ग्रॅम द्रव लागतो. म्हणजे या कॅनचं नोझल एका हातावर चार-पाच सेकंद तरी दाबून धरायला हवं. बहुतेक जण दुसऱ्या सेकंदालाच थांबतात.

लावायची पद्धत अशी. आधी डबा हलवावा. झिंक ऑक्साइडसारखे कण असलेला द्रव तळाशी बसतो. नोझल त्वचेच्या जवळ धरावं, फार तर वीतभर अंतरावर, आणि त्वचा ओली चमकेपर्यंत फवारावं. मग तळहाताने चोळून पसरावं. ही पायरी वगळली की ठिपक्याठिपक्यांनी थर बसतो आणि संध्याकाळी त्वचेवर लाल पट्टे उठतात. चोळून झालं की पुन्हा एक हात द्यावा. कानांच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, गुडघ्यांच्या मागे आणि पावलांचा वरचा भाग हमखास सुटतो. उन्हात जाण्याच्या 15 मिनिटं आधी लावावं आणि दर दोन तासांनी परत. पोहून आल्यावर किंवा टॉवेलने अंग पुसल्यावर लगेच. वारा असेल तर आडोशाला जावं, नाहीतर अर्धा डबा हवेत उडतो. ऑस्ट्रेलियातली कॅन्सर कौन्सिल तर एरोसोल सनस्क्रीन वापरूच नये असं सांगते, कारण त्यातून पुरेसा थर बसत नाही.

चेहऱ्यावर थेट कधीही फवारू नये. तळहातावर घेऊन बोटांनी लावावं, डोळे आणि ओठ सांभाळून. फवारा नाकातोंडात जाणं चांगलं नाही. दमा असलेल्यांनी आणि लहान मुलांसाठी सरळ क्रीम घ्यावं. बंद बाथरूममध्ये किंवा गाडीत फवारणं तर नकोच. सहा महिन्यांखालच्या बाळाला सावली आणि अंगभर सुती कपडेच योग्य.

आगीची गोष्ट फार गांभीर्याने घ्यायला हवी. 2013 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, याबद्दल इशारा दिला होता. स्प्रे लावल्यावर सिगारेट पेटवताना, ग्रिलजवळ जाताना, वेल्डिंग करताना अंगाने पेट घेतल्याच्या घटना त्यामागे होत्या. लावताना आणि पूर्ण वाळेपर्यंत ज्योत, ठिणगी जवळ नको.

2021 मध्ये काही एरोसोल सनस्क्रीनमध्ये बेंझीन हे कर्करोगाला कारण ठरणारं रसायन सापडलं आणि ती अमेरिकेत बाजारातून परत मागवली गेली. पुढच्या वर्षी आणखी एका उत्पादकाने आपल्या स्प्रेमधलं बेंझीन गॅसमधून आल्याचं सांगितलं. पंपाच्या बाटलीत हा गॅसच नसतो. तिच्या बाजूने हे मोठं कारण आहे.

एरोसोल कॅन 50 अंशांवर तापू देऊ नये, म्हणून उन्हात उभ्या गाडीत तो ठेवायचा नाही. अ‍ॅव्होबेन्झोन हे ऊन अडवणारं रसायन असलेल्या स्प्रेचे पांढऱ्या कपड्यांवर गंजासारखे डाग पडतात, कारण पाण्यातल्या लोहाशी त्याची प्रक्रिया होते. अशा डागांना ब्लीच लावू नये. गुळगुळीत फरशीवर उभं राहून फवारल्यास खाली तेलकट थर साचतो आणि पाय घसरतो, तेव्हा पायाखाली जुना टॉवेल टाकावा.