नाशिकरोडची मंडळी, सातपूरची उपासना: शाखा काढावी की स्वतंत्र मंडळी?

मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, पंधरा-वीस कुटुंबं सातपूर-अंबडकडे राहायला गेली की तिकडे उपासना सुरू करायचा विषय निघतोच. मग तेच पाळक (पास्टर) दोन्हीकडे, पडद्यावरून संदेश म्हणजे प्रवचन, की वेगळी मंडळी, यावर पाळकीय समितीत खल होतो.

तेच पाळक दोन्हीकडे हा सर्वांत स्वस्त पर्याय, आणि सर्वांत आधी कोलमडणाराही. आठची उपासना साडेनऊला सुटली तर द्वारका चौक ओलांडून सातपूरला पोचायला पाऊण तास धरा. साडेदहाची वेळ कागदावर जमते. पण प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) रविवारी पहिली उपासना वीस मिनिटं लांबते, आणि तिकडे गीतपथक तीच गीतं पुन्हा म्हणत बसतं. आजाऱ्यांच्या भेटी मागे पडतात त्या वेगळ्याच.

पडद्याने वेळेचा प्रश्न सुटतो. थेट प्रक्षेपणावर मात्र विसंबू नका: शनिवारी रेकॉर्डिंग करून पेन ड्राइव्हवर न्या, प्रोजेक्टर आणि मिक्सर इन्व्हर्टरवर ठेवा. तरी प्रभुभोजन पडद्यावरून देता येत नाही. सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) त्याला दीक्षित पाळकच लागतात. लग्नालाही १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे अधिकार असलेलाच सेवक हवा. शिवाय सगळा डोलारा एका चेहऱ्यावर उभा राहतो. अमेरिकेत सिएटलच्या मार्स हिल चर्चच्या अनेक शाखा होत्या. तिथले मुख्य पाळक मार्क ड्रिस्कॉल यांनी ऑक्टोबर २०१४ मध्ये राजीनामा दिला आणि काही आठवड्यांतच संस्था विसर्जित करायचं ठरलं. काही शाखा स्वतंत्र मंडळ्या झाल्या, काही बंद पडल्या.

स्वतंत्र मंडळी म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे वेगळा ट्रस्ट, वेगळं ऑडिट, विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज. मूळ ट्रस्टला परदेशी देणगी येत असेल तर परदेशी देणगी कायद्याच्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर त्यातला रुपयाही नव्या ट्रस्टकडे वळवता येत नाही. हे बहुतेकांना उशिरा कळतं. तसंच सातपूरची जागा मूळ ट्रस्टच्या नावे घेतली, तर पुढे ती नव्या मंडळीला द्यायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी काढावी लागते.

म्हणून आमचा कौल मधल्या वाटेला: ट्रस्ट एकच, पण सातपुरात राहणारा पाळक, संदेश त्याचाच, जागा भाड्याची आणि पहिल्या रविवारपासून अर्पणाची वही वेगळी. सुरुवातीला पंचवीस-तीस प्रौढ हवेत; त्यांत वाद्य वाजवणारे दोघे, शब्बाथशाळेचे (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाचे) दोन शिक्षक आणि हिशेब ठेवणारा एक असावाच. सलग बारा महिने भाडं आणि पाळकांचं मानधन तिथल्याच अर्पणातून निघालं, की स्वतंत्र नोंदणीला हात घाला. सीएनआयच्या पास्टरेटने (स्थानिक मंडळीने) मात्र यातलं काहीही ठरवण्याआधी डायोसिसची (बिशपांच्या अखत्यारीतल्या धर्मप्रांताची) संमती घ्यावी.