सीलबंद खोक्यातला वापरलेला प्रिंटर

गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात मी मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरील एका दुकानातून शाईच्या टाक्या असलेला रंगीत प्रिंटर ११,५०० रुपयांना नवा म्हणून विकत घेतला. तो नवा नव्हता, हे मला दिवाळीच्या ऐन तोंडावर कळले. त्या रस्त्यावर सचोटीने धंदा करणारे दुकानदार पुष्कळ आहेत आणि मी याआधी तेथून घेतलेल्या वस्तूंबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. परंतु घरून छोटा व्यवसाय करणाऱ्या इतर कोणावर ही वेळ येऊ नये, म्हणून घडले ते तपशिलाने लिहीत आहे.

मी डोंबिवलीत घरच्या घरी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि लसणाची चटणी करून विकते. पाकिटावरच्या लेबलवर घटकपदार्थ, निव्वळ वजन आणि अन्न नोंदणीचा १४ अंकी क्रमांक तर लागतोच, शिवाय बॅच क्रमांक आणि तारीखही लागते व ती दर घाण्याला बदलते. त्यामुळे हजार-दोन हजार लेबले एकदम छापून ठेवता येत नाहीत. जवळचा झेरॉक्सवाला रंगीत स्टिकरच्या एका कागदाला २५ रुपये घेत असे आणि दिवाळीच्या हंगामात तर त्याच्याकडे रांगच लागे, तेव्हा स्वतःचा प्रिंटर घ्यावा असे मी ठरवले.

दुकानात मला प्रथम साडेचार हजारांचा कार्ट्रिजचा प्रिंटर दाखवण्यात आला. तो मी लगेच नाकारला, कारण अशा प्रिंटरची लहान कार्ट्रिज दीड-दोनशे पानांत संपते आणि यंत्र स्वस्त, पण शाई महाग असा तो व्यवहार असतो, एवढे मी वाचून गेले होते. हे वाचन पुढे मलाच नडले, असे आता वाटते. आपल्याला यातले कळते, असा समज एकदा झाला की माणूस पुढचे प्रश्न विचारत नाही. दुकानदाराने मग टाकीचा प्रिंटर पुढे केला आणि हिशेब मांडला: काळ्या शाईची बाटली साधारण चारशे रुपयांची, त्यात ४,५०० पाने, म्हणजे पान दहा पैशांच्याही आत. इतरत्र या मॉडेलला १३,८०० रुपये सांगितले होते. येथे दोन हजारांहून अधिक वाचत होते, मात्र पक्के बिल हवे असल्यास १८ टक्के जीएसटी वर द्यावा लागेल, असे तो म्हणाला. मी कच्च्या पावतीवर समाधान मानले. त्या पावतीवर ‘एस्टिमेट’ असे छापलेले होते आणि यंत्राचा सिरियल नंबर कोठेही नव्हता.

दुकानदाराने खोके माझ्यासमोर फोडले नाही. “मॅडम, शाई भरायला घरी तुम्हाला त्रास होईल, आम्ही भरून, चालू करून सील करून ठेवलाय,” असे तो म्हणाला आणि मला ते सौजन्य वाटले. वस्तुतः असा नवा प्रिंटर कोऱ्या, कोरड्या टाक्यांसह येतो आणि बाटल्या वेगळ्या, सीलबंद मिळतात. पहिल्यांदा शाई भरताना नळ्या व हेड (कागदावर शाई सोडणारा भाग) भरून निघण्यास बराच वेळ लागतो आणि टाक्यांतील शाईची पातळी डोळ्यांदेखत खाली जाते. हे सगळे ग्राहकाने स्वतः पाहिले, तर यंत्र नवे आहे की नाही हे आपोआप कळते. माझ्या यंत्राच्या टाक्या काठोकाठ भरलेल्या होत्या. भरलेल्या टाकीच्या भिंतींवर जुन्या शाईचे डाग असले तरी ते दिसत नाहीत. खोक्यावर चिकटपट्टीचे दोन थर होते, खालचा किंचित पिवळट. तो मी घरी पाहिला आणि मनातून काढून टाकला.

पहिले आठ-दहा दिवस छपाई ठीक झाली. नंतर लेबलच्या मरून पार्श्वभूमीवर आडव्या पांढऱ्या रेषा येऊ लागल्या. मी दर दोन दिवसांनी हेड क्लीनिंग करू लागले. या क्लीनिंगमध्ये हेडमधून शाई ओढून ती यंत्राच्या तळाशी असलेल्या स्पंजासारख्या पॅडमध्ये टाकली जाते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. एके सकाळी प्रिंटरखालचा टेबलक्लॉथ ओला लागला. यंत्र उचलून पाहिले, तर त्याच्या मागच्या डाव्या पायाखाली ताटाएवढा काळपट जांभळा डाग पसरला होता आणि तो लाकडात मुरला होता.

दुरुस्तीला आलेल्या मुलाने तळाचे झाकण काढले आणि म्हणाला, “ताई, पॅड तुडुंब भरलंय. एवढ्या शाईला दोन-तीन वर्षं लागतात. पॅडमध्ये किती शाई गेली ते मोजणारा काउंटर मात्र कोणीतरी शून्यावर आणून ठेवलाय, म्हणून मशीनने तुम्हाला काही सांगितलं नाही.” एरवी पॅड भरत आले की यंत्र सूचना देते आणि शेवटी छपाई थांबवते. त्यानेच मग यंत्राच्या स्थितीचे पान छापून दाखवले. हे पान जवळपास प्रत्येक प्रिंटरमध्ये बटणांवरून किंवा संगणकावरून निघते. त्यावर आजवर छापलेल्या एकूण पानांचा आकडा होता: ३८,४१२. मी तोवर जेमतेम तीनशे कागद छापले होते. कंपनीच्या ग्राहक सेवेला सिरियल नंबर सांगितला, तेव्हा त्या यंत्राची वॉरंटी केव्हाच संपल्याचे कळले. टाक्यांतील शाईही कॅनमधून मिळणारी सुटी शाई असावी, असे त्या मुलाचे मत पडले.

दुकानदाराने आधी मला ओळख दाखवली नाही. यूपीआयने पैसे दिल्याची नोंद दाखवली, तर ती दुकानाच्या नावावर नसून एका व्यक्तीच्या खात्यावर होती. शेवटी तो म्हणाला, “तुम्ही धंद्यासाठी घेतलात ना? मग तुम्ही ग्राहक नाही, ग्राहक कोर्ट तुम्हाला उभं करणार नाही.” हे वाक्य मला जवळजवळ गप्प बसवून गेले होते आणि अनेक गृहउद्योगी स्त्रिया त्याने गप्प बसत असतील, म्हणून याविषयी थोडे सविस्तर लिहिते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळतो हे खरे आहे. परंतु स्वयंरोजगाराने केवळ स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली व स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही, असे स्पष्टीकरण त्याच व्याख्येत दिलेले आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. मी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, स्थितीचे पान, यूपीआयची नोंद आणि डागाचे छायाचित्र जोडले आणि कायद्यातील ते स्पष्टीकरण लिहून दुकानदाराला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले. सुमारे पाच आठवड्यांनी त्याने यंत्र परत घेऊन ८,००० रुपये दिले. बाकीचे पैसे गेले. पक्के बिल असते, तर तेवढ्यावर मी सोडले नसते.

दहा पैशांच्या हिशेबाबद्दलही सांगितले पाहिजे. ४,५०० पानांचा आकडा खोटा नव्हता. पण असे आकडे कागदाचा साधारण पाच टक्के भागच शाईने भरतो, असे धरून काढलेले असतात, म्हणजे पत्रासारखा विरळ मजकूर. माझ्या लेबलांच्या कागदाचा निम्मा भाग रंगाने भरलेला होता. तेथे बाटली दहापट लवकर संपते आणि मरून रंगाला एकाच वेळी दोन-तीन टाक्या रिकाम्या होतात. तरीही दर कागदाला दोन-तीन रुपयांचीच शाई लागली असती आणि त्याहून महाग स्टिकरचा कागदच पडतो, हे मी त्या दुकानात उभी राहून बोटांवर मोजू शकले असते. शिवाय टाकीच्या प्रिंटरची रंगीत शाई अस्सल असली तरी बहुधा पाण्याने पसरते आणि चटणीची बाटली फ्रीजमधून बाहेर काढली की तिला घाम फुटतोच.

आता मी रंगीत लेबले छापखान्यातून दोन हजारांच्या गठ्ठ्याने घेते, त्यांवर बॅच आणि तारखेची जागा कोरी ठेवते आणि तेवढाच मजकूर घरी काळ्या-पांढऱ्या लेसर प्रिंटरवर छापते. त्यात शाईऐवजी असलेली भुकटी उष्णतेने कागदावर वितळून बसते, ओल्या हाताने पुसली जात नाही. स्टिकरचा कागद मात्र लेसरसाठीचाच घ्यावा लागतो, नाहीतर त्याचा गोंद आत वितळतो. हा प्रिंटर मी घराजवळच्या दुकानातून पूर्ण किमतीला, सिरियल नंबर लिहिलेल्या जीएसटी बिलावर घेतला. खोके समोर फोडायला लावले आणि पैसे देण्यापूर्वी स्थितीचे पान छापून मागितले. दुकानदार थोडा वैतागला, पण त्याने छापले. एकूण पानांचा आकडा २ होता.