दिवाळी अंकाचा कागद: मॅपलिथो की आर्ट पेपर?

ऑफसेट छपाईत दोन्ही कागद चालतात, पण शाई त्यांच्यावर वेगळी वागते. मॅपलिथोला लेप नसतो. शाई आत शोषली जाते, फोटो ज्या बारीक ठिपक्यांनी छापला जातो ते पसरतात आणि फोटोतले गडद भाग काळवंडतात. आर्ट पेपरवर चिनी मातीचा किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा लेप असतो. शाई वरच राहते, १७५ लाइनचा स्क्रीनही (इंचाला ठिपक्यांच्या १७५ ओळी) स्वच्छ उमटतो. मात्र शाई वाळायला वेळ लागतो. छापलेल्या कागदांची थप्पी घाईने उंच रचली, तर वरच्या कागदाच्या पाठीला डाग लागतात.

कथा-कवितांसाठी मी ७० किंवा ८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) मॅपलिथोच घेईन. तो दिव्याखाली चकाकत नाही, समासात पेन्सिलीने लिहिताही येतं. रंगीत चित्रांची पानं तेवढी १३० जीएसएम आर्ट पेपरवर, तीही शक्यतो मॅट, म्हणजे कमी चकाकणाऱ्या.