पाळणाघराचे सात महिने

गेल्या जूनमध्ये, मुलगी 14 महिन्यांची असताना, आम्ही तिला कोथरूडमधील एका घरगुती पाळणाघरात ठेवू लागलो. तोवर तिला आजी सांभाळत असे. पण आजीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आणि निर्णय लांबवणे अशक्य झाले. 2017 पासून कायद्यानुसार 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करावी लागते, मात्र आम्हा दोघांच्याही कार्यालयांत तेवढी माणसे नाहीत.

पहिला आठवडा घरचे कोणीतरी सोबत थांबावे, ही पाळणाघराच्या ताईंची अट मला तेव्हा जाचक वाटली होती. पहिले दोन दिवस मी तासभर कोपऱ्यात नुसती बसून राहिले, तिसऱ्या दिवशी पंधरा मिनिटे बाहेर गेले, मग जेवणापर्यंतचा वेळ वाढवला. दुपारची झोप तिथे सुरू झाली ती दुसऱ्या आठवड्यात. झोपेसाठी आजीच्या जुन्या सुती साडीचे दुपटे दिले होते, आणि ते धुऊन आणू नका, असे ताईंनी मला दोनदा बजावले.

चूक झाली ती निरोपात. मूल खेळात रमले की डोळा चुकवून निघावे, हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला मी मानला. सकाळी रडारड होत नसे, पण संध्याकाळी ती मला न्हाणीघरातही एकटीला जाऊ देईना आणि रात्री दचकून उठून मी शेजारी आहे का, हे चाचपू लागली. साधारण आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत ताटातुटीची भीती सर्वांत तीव्र असते: आई दिसत नसली तरी कुठेतरी आहे हे मुलाला उमगलेले असते, ती परत येते हे मात्र अनुभवानेच पटावे लागते. ‘‘रडली तरी चालेल, पण सांगून जा,’’ असे ताई म्हणाल्या. घड्याळ तिला कळत नसल्याने ‘‘दूध पिऊन झालं की आई येणार’’ एवढेच मी रोज त्याच शब्दांत सांगू लागले. तीन दिवस रडणे वाढले, मग ओसरत गेले. मी जिना उतरेपर्यंतच ते टिकते, असे खालच्या वॉचमनने सांगितले तेव्हा दिलाशाबरोबर किंचित अपमानही वाटला.

एक तक्रार नोंदवायलाच हवी. जेवताना मुलांना मोबाइलवर कार्टून दाखवतात, हे तिसऱ्या महिन्यात ती घरी त्याशिवाय घास घेईना तेव्हा समजले. दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन दाखवू नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. बोलल्यावर ते बंद झाले, तरी आधी विचारायला हवे होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र सकाळच्या रडण्याचे आठवडाभर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आजी आता हिंडूफिरू लागली असून पुढच्या महिन्यापासून दोन दिवस नातीला सांभाळणार आहे. ते दिवस दर आठवड्याला तेच असावेत, असे ताईंचे म्हणणे पडले, म्हणून मंगळवार आणि गुरुवार ठरवले आहेत.