झूम की फिक्स: रोज कोणती लेन्स घेऊन निघावं?

झूमची सोय मान्यच. २४ ते ७० मिलिमीटर, म्हणजे रुंद दृश्यापासून जवळच्या चौकटीपर्यंत सगळं एकाच लेन्समध्ये. प्रवासात, कार्यक्रमात तीच हवी.

पण रोज पहाटे फिरायला निघताना मी ५० मिलिमीटरची फिक्स, म्हणजे झूम न होणारी लेन्सच लावते. तिच्यात चौकट बदलायची तर आपणच पुढे-मागे व्हायचं, उकिडवं बसायचं. अंग जागं होतं आणि त्यासोबत नजरही. काल पानाच्या टोकाला लोंबणाऱ्या थेंबासाठी चार पावलं पुढे सरकले, तर थेंबात समोरचं झाड उलटं! झूम असती तर लांबूनच उरकलं असतं.

शिवाय उजेड. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं; एफ/४ च्या झूमच्या मानाने एफ/१.८ च्या फिक्समधून जवळजवळ पाचपट प्रकाश आत येतो. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनीही बहुतेक काम ५० मिलिमीटरवरच केलं. फिक्सचं वजनही बरंच कमी, म्हणून कॅमेरा कंटाळा न करता रोज गळ्यात पडतो.