'द अरीना' की 'बार्बेरियन क्वीन': एकच पाहायचा तर कोणता?

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये हॅलिकार्नाससहून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या बोडरमहून आणलेला एक संगमरवरी शिल्पपट्ट आहे. काळ इसवी सनाचं पहिलं-दुसरं शतक. दोन बायका समोरासमोर उभ्या आहेत, हातात ढाल-तलवार, डोक्यावर शिरस्त्राण नाही. खाली ग्रीक लिपीत त्यांची आखाड्यातली नावं कोरली आहेत: अॅमेझॉन आणि अकिलिया. वर एकच शब्द आहे, त्याचा अर्थ 'दोघींना सोडलं'. कुणी हरलं नाही, कुणी मेलं नाही.

प्राचीन काळातल्या लढवय्या बायकांवरचा स्वस्तातला सिनेमा बघायला बसले की मला हा दगड आठवतो. आपल्याकडे अशा सिनेमांना 'मॉर्निंग शोचा पिक्चर' म्हणून बाजूला टाकायची रीत होती. त्यात तथ्य आहेच, कारण पोस्टरवर तोकडे कपडे आणि तलवार दाखवूनच ते विकले गेले. पण त्यातही डावं-उजवं असतं. एकच संध्याकाळ हाताशी असेल आणि या प्रकारातलं काही बघायचं असेल, तर निवड बहुधा 'द अरीना' आणि 'बार्बेरियन क्वीन' या दोनांत येऊन थांबते. दोन्हींच्या मागे स्वस्तातल्या सिनेमांचा अमेरिकी निर्माता रॉजर कॉर्मनच आहे.

'द अरीना' 1974चा. कॉर्मनच्या न्यू वर्ल्ड पिक्चर्सने तो इटलीत चित्रित केला, आणि स्टीव्ह कार्व्हरचा दिग्दर्शक म्हणून तो पहिला मोठा चित्रपट. ब्रुंडिसियम या रोमन बंदरगावात ठिकठिकाणाहून धरून आणलेल्या गुलाम बायका विकल्या जातात. ग्लॅडिएटरांच्या, म्हणजे आखाड्यात जिवावरच्या झुंजी खेळणाऱ्यांच्या, तळावर त्यांना स्वयंपाक, वाढप आणि त्या पुरुषांची मर्जी राखायला जुंपलं जातं. आफ्रिकेतल्या न्यूबियाची मामावी (पाम ग्रिअर) आणि पुजारीण बोडिशिया (मार्गारेट मार्कोव्ह) यांचं पहिल्यापासून पटत नाही. एक दिवस स्वयंपाकघरातच जुंपते, भांडीकुंडी उडतात. आखाड्याचा मालक टिमार्कस हे बघतो आणि त्याच्या डोक्यात येतं, पुरुषांच्या लढतींना कंटाळलेल्या गर्दीपुढे यांनाच उतरवलं तर?

हा सिनेमा चांगला होतो तो इथेच. घाम गाळून राबणाऱ्या बायकांचं भांडण हाच मालकाचा नवा धंदा होतो, हे पटकथेने नेमकं पकडलंय. पटकथा जॉन आणि जॉयस कॉरिंग्टन या जोडप्याची आहे, 'द ओमेगा मॅन' (1971) लिहिणारे तेच हे. ज्या दोघींना एकमेकींचा जीव घ्यायला उभं केलं जातं, त्याच पुढे बंडाच्या अग्रभागी येतात. हा बदल भाषणातून येत नाही. आखाड्यात मैत्रिणीसमोर मैत्रीण उभी राहते, तेव्हा एकेकीच्या चेहऱ्यावर तो हळूहळू उमटतो. पाम ग्रिअरचं तर काय सांगावं! तिचा 'कॉफी' (1973) हा सिनेमा नुकताच येऊन गेलेला, अंगात रग भरलेली. ती नुसती उभी राहिली तरी पडद्यावरची बाकीची माणसं मागे सरकतात. मार्कोव्हबरोबर तिने आधी फिलिपिन्समध्ये चित्रित झालेला 'ब्लॅक मामा, व्हाइट मामा' केला होता, त्यामुळे दोघींची जोडी मुरलेली आहे.

दोष सांगायलाच हवेत. आंघोळीचं दृश्य निव्वळ तिकिटासाठी आहे. बायकांवर जबरदस्ती होते तीही दाखवलीय. लढाया ओबडधोबड आहेत, गर्दीतली माणसं मोजता येतील इतकीच. इतिहास म्हणाल तर रोममध्ये बायका आखाड्यात लढत हे खरं. साधारण इसवी सन 200च्या सुमारास सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसला त्यावर बंदी घालावी लागली. बाकी सगळा कल्पनेचा खेळ.

'बार्बेरियन क्वीन' 1985चा. 'कोनान द बार्बेरियन' (1982) चालल्यावर तलवारबाजीच्या सिनेमांची लाट आली, आणि कॉर्मनने अर्जेंटिनात असे सिनेमे स्वस्तात काढायला सुरुवात केली, त्यातला हा. इथे देश-काळ ठरलेला नाही, कुठलं तरी जुनं जग. अमेथियाच्या (लाना क्लार्कसन) लग्नाच्या दिवशीच गावावर धाड पडते, नवरदेवाला आणि बहिणीला पळवून नेतात, आणि वाचलेल्या मैत्रिणींना घेऊन ती सूड घ्यायला निघते. सुमारे सव्वा तासाचा चित्रपट, रेंगाळत नाही. क्लार्कसन उंच, चपळ, आणि या भूमिकेवर मनापासून विश्वास ठेवून काम करते. 2003मध्ये संगीत-निर्माता फिल स्पेक्टरच्या घरी तिचा गोळी लागून मृत्यू झाला, पुढे त्याला खुनाबद्दल शिक्षा झाली. तिचं नाव आज त्या खटल्यामुळेच घेतलं जातं, याचं मला वाईट वाटतं. ती काय करू शकत होती हे बघायचं असेल तर ते या सिनेमात आहे.

पण हा चित्रपट मी सरसकट कुणाला सुचवणार नाही. पहिल्या काही मिनिटांतच बलात्कार आहे, आणि पुढेही कॅमेरा पुन्हा पुन्हा तिथेच जातो. यातनाघराचा प्रसंग तर लांबवलेला. अमेथिया आपल्या बळावर त्यातून सुटते, पण तोवर प्रेक्षकाला काय बघायला बसवलंय हे विसरता येत नाही. 'द अरीना'त अत्याचारामुळे बायका एकमेकींकडे बघायला लागतात, इथे तो फक्त बघण्यासाठी आहे.

आणि हे कुणी केलं? हेक्टर ओलिव्हेराने! अर्जेंटिनाच्या पॅटागोनिया भागातल्या संपकरी मजुरांच्या हत्याकांडावरच्या चित्रपटासाठी 1974मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात 'रौप्य अस्वल' हा पुरस्कार मिळवणारा हा दिग्दर्शक. 'बार्बेरियन क्वीन'नंतर वर्षभरात, 1986मध्ये, त्याने अर्जेंटिनातल्याच ला प्लाता शहरातून लष्करी राजवटीने उचलून नेलेल्या शाळकरी मुलांवर चित्रपट केला. त्यातलं यातनाघर खरं होतं. हे दोन्ही एकाच माणसाने पाठोपाठ केलं, याचा उलगडा मला अजून होत नाही. चित्रपटांचा अभ्यास करणाऱ्याने तेवढ्यासाठी 'बार्बेरियन क्वीन' जरूर बघावा.

अंगावर येणारं काहीच नको असेल, घरात मुलं असतील, तर कॉर्मनचाच 1957चा व्हायकिंग बायकांवरचा कृष्णधवल चित्रपट आहे. बेपत्ता पुरुषांना शोधायला बायका होडीतून निघतात, वाटेत समुद्रसर्प. पहिल्याच दिवशी नायिका आलीच नाही, म्हणून अॅबी डाल्टनला ऐनवेळी तिच्या जागी घेतलं. सर्प फसलाय, पण तासाभराची गंमत आहे.

माझं मत स्पष्ट आहे: 'द अरीना'. लहान मुलांसोबत नको, आणि लैंगिक अत्याचाराची दृश्यं ज्यांना सोसत नाहीत त्यांनी तोही सोडावा. शोधताना साल तेवढं तपासा, कारण याच नावाने 2001मध्ये रशियात चित्रित झालेली नवी आवृत्ती आहे. तुम्हाला हवाय तो 1974चा. काही ठिकाणी तो 'नेकेड वॉरियर्स' या नावानेही दिसेल. नाव बघून बिचकू नका. पाम ग्रिअर त्यात आहे ना, एवढं बघा.